बॅन्फ-जॅस्पर एकदा झालं. आरव्ही घेऊन पुन्हा जायचं तर शेजारच्या पार्कांत काय आहे?

फोंडेकर मास्तर:

नमस्कार. प्रश्न लांब आहे, सवड असेल त्यानेच वाचावा.

मुलगी-जावई कॅनडात कॅल्गरीला असतात. गेल्या खेपेस जुलैत आम्ही दोघं, ती दोघं आणि नातू असे भाड्याची आरव्ही, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन तिथल्या रॉकीज डोंगरांत हिंडलो. गाडी पंचवीस फुटी, क्लास सी म्हणतात ती, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली. चालवायला जावई. बॅन्फ गाव, लेक लुईज, तिथून आइसफील्ड्स पार्कवेचे २३२ किलोमीटर कापून जॅस्पर, आणि त्याच वाटेने मागे. फोटो पुष्कळ आले. पण दर सकाळी पाण्याचा पाइप काढा, वायर गुंडाळा, कपाटं बंद झाली का बघा आणि निघा. वळणावर डबे खाली पडले की नातवाला मजा वाटायची. आमच्या सौ.ना वाटत नसे.

आता पुन्हा बोलावणं आहे. जावई म्हणतो, बॅन्फ झालं, यंदा बाजूची पार्कं करू: योहो, कूटनी, नाहीतर खाली वॉटर्टन. मुलगी म्हणते जॅस्परच परत, कारण तिथे आपण नुसते टेकलो आणि उठलो. माझं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून मी इथे विचारतो.

आमच्या अडचणी अशा. सौ.चे गुडघे. सपाटीवर ती माझ्यापुढे चालते, चढ आला की थांबते. गरम पाण्याच्या कुंडात बसायची तिची फार इच्छा होती, गेल्या वेळी राहून गेलं. दुसरं, जॅस्परला २०२४च्या जुलैत वणवा लागला, गावाचा तिसरा हिस्सा जळाला असं वाचलं. अशा ठिकाणी पाहुणे म्हणून जावं का, हेच कळत नाही. तिसरं, चवथ सप्टेंबरच्या मध्यावर आहे आणि तिच्या आत आम्ही घरी हवेत. यावर चर्चा नको.

गाडीचं भाडं किलोमीटरवर चढतं हेही लक्षात घ्या. वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेली जागा मिळाली तर सौ. जास्त खूश.


डिचोलीकर:

मास्तर, एवढ्या लांब पुन्हा तेच डोंगर बघायला? आपलं मोले काय वाईट आहे. दूधसागर आहे, गवे आहेत, घरचा डबा आहे.


फोंडेकर मास्तर:

मोले मी मुलांच्या सहली घेऊन इतका फिरलोय की गवे ओळख देत असतील. मोलेचं राष्ट्रीय उद्यान १०७ चौरस किलोमीटर, बॅन्फ ६,६४१. आपला अख्खा गोवा ३,७०२. जॅस्परमध्ये तर जवळपास तीन गोवे बसतात. मोलेला नावं ठेवत नाही, पण तिथे नातू नाही.


केरीचा कुळागरवाला:

मास्तर, मी अल्बर्टात बरीच वर्षं नोकरी केली, आता केरीला सुपारी आणि मिरी बघतो. तिथे असताना उन्हाळ्यात गोव्याहून, मुंबईहून कोणी ना कोणी आलेलं असायचं आणि त्यांना रॉकीज दाखवणं माझ्या गळ्यात. तेव्हा मी जो काही जाणकार झालो तो नाइलाजाने.

ही चार पार्कं एकमेकांना चिकटून आहेत. बॅन्फ आणि जॅस्पर जलविभाजक डोंगररांगेच्या पूर्वेला, अल्बर्टात. योहो आणि कूटनी पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियात. बॅन्फ १८८५चं, योहो पुढल्याच वर्षीचं, जॅस्पर १९०७, कूटनी १९२०. एकच पास चारही ठिकाणी चालतो. डिस्कव्हरी पास घेतलात तर वर्षभर, एका गाडीतल्या सात माणसांपर्यंत. डोंगर तेच, आणि सरोवरांचा तो निळा-हिरवा रंगही सगळीकडे हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाचाच. म्हणून दुसऱ्या खेपेला ‘कुठलं जास्त सुंदर’ हे विचारण्यात अर्थ नाही. आरव्हीवाल्याने विचारायचं ते हे: गाडी एकदा उभी केली की पुढे काय करता येतं?

या हिशेबाने बॅन्फ वाटतं त्यापेक्षा बरं आहे, गर्दी धरूनसुद्धा. टनेल माउंटनच्या ट्रेलर कोर्टात, म्हणजे आरव्ही लावायच्या तळावर, तिन्ही जोडण्या आहेत आणि तिथून गावात ‘रोम’ नावाची स्थानिक बस जाते. म्हणजे गाडी हलवायचीच नाही. त्या जागेला सौंदर्य म्हणाल तर काही नाही. एकापुढे एक गाड्या लावलेल्या, शेकोटी पेटवायची सोय नाही, एखाद्या जत्रेचा वाहनतळ वाटावा. पण आंघोळ करून, बसने गावात जाऊन, संध्याकाळी परत येता येतं. मोरेन लेकचा रस्ता २०२३पासून खासगी गाड्यांना बंदच आहे, तिथे सगळ्यांनाच शटल. त्यामुळे आरव्ही आहे म्हणून तुमचं काही अडत नाही.

योहो बरोबर उलटं. तिथे सार्वजनिक बसचा आधार नाही आणि पाहण्यासारखं जे आहे ते आडरस्त्यांवर. टॅकाकॉ धबधबा ३७३ मीटरचा, दूधसागर ३१० धरतात, म्हणजे त्याहून उंच. त्याच्या १३ किलोमीटरच्या रस्त्यावर दोन वळणं इतकी आवळलेली आहेत की लांब गाड्या आणि बस पुढे जाऊन पुढचा टप्पा उलट्या, रिव्हर्समध्ये चढतात. ट्रेलरना तर मनाईच. चोर्ला घाटात समोरून ट्रक आल्यावर जे होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे ते मुद्दाम, रांगेने करतात. तुमचा जावई हुशार असेल, पण भाड्याची पंचवीस फुटी गाडी आणि मागच्या सीटवर सासूबाई, हे धाडस मी करणार नाही. एमराल्ड लेकचा रस्ता सोपा आहे, पण तिथला वाहनतळ लवकर भरतो आणि मोठ्या गाडीची पंचाईत होते. किकिंग हॉर्स कॅम्पग्राउंड नदीकाठी आहे, शॉवर आहेत, जोडण्या मात्र एकही नाही.

तरी योहो सोडू नका. मुलीची स्वतःची कार असेलच. आरव्ही जिथे असेल तिथे राहू द्या आणि एक दिवस कारने योहो करा. लेक लुईजहून फील्ड गाव २७ किलोमीटर. नातवाला स्पायरल टनेल्स दाखवा. आपल्या कुळे-कॅसलरॉक घाटात रेल्वेची चढण सदतीसला एक आहे. किकिंग हॉर्स खिंडीतल्या ‘बिग हिल’ चढणीवर सुरुवातीला ती साडेचार टक्के होती, म्हणजे जवळजवळ बावीसला एक! गाड्या ताब्याबाहेर जाऊन अपघात होत. म्हणून १९०९मध्ये डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे काढले आणि चढण २.२ टक्क्यांवर आणली. लांब मालगाडी आली की तिचं तोंड एका भोकातून बाहेर पडलेलं आणि शेपूट अजून वरच्या भोकात जात असतं. वेळापत्रक नाही, थर्मास घेऊन उभं राहायचं. मी धबधब्यापेक्षा तिथेच जास्त वेळ काढलाय. बायकोने नंतर यायचं सोडलं.

त्याच १९०९मध्ये तिथे बर्जेस शेल नावाच्या खडकातले जीवाश्म सापडले, पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, मऊ शरीराच्या प्राण्यांचेसुद्धा. पण तिथे फक्त वाटाड्याबरोबर जाता येतं आणि चढ भरपूर. गुडघ्यांचं काम नाही. गुडघ्यांवरूनच आता कूटनीवर येतो.

तुम्ही कूटनीला जा असं माझं स्पष्ट मत आहे. कॅसल जंक्शनला वळून हायवे ९३ दक्षिण धरा, पार्कातून ९४ किलोमीटर उतरत रेडियम हॉट स्प्रिंग्ज. त्या गावाच्या वरच्या पठारावर रेडस्ट्रीक कॅम्पग्राउंड आहे. तिन्ही जोडण्यांच्या जागा आहेत, झाडी आहे, शेकोट्या आहेत. रेडियमची कुंडं पार्क्स कॅनडाचीच, सिंक्लेअर कॅन्यनच्या कड्याला लागून. एक कुंड ऊन पाण्याचं, एक पोहायचं, गारसर. पाण्याला गंधकाचा वास नाही. बॅन्फच्या अपर हॉट स्प्रिंग्जला तो येतो आणि ते कुंड लहान, गर्दी जास्त. कॅम्पग्राउंडवरून कुंडांकडे पायवाट जाते, पण चढउतार आहे, ताईंना कारने सोडा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. बाकीचा दिवस खुर्ची टाकून बसावं.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: रेडियम साधारण ८०० मीटरवर आहे, बॅन्फ गाव १,३८३वर. रात्री फरक जाणवतो. गोव्याच्या माणसाला बराच जाणवतो.

वाटेत मार्बल कॅन्यन आणि पेंट पॉट्स बघा. पेंट पॉट्स म्हणजे लोहामुळे केशरी-तांबडी झालेली माती. तिथले मूळ रहिवासी ती रंगासाठी नेत. आपल्या खाणपट्ट्यातल्या लोकांना रंगाचं अप्रूप नाही, पण वाट बरीचशी सपाट आहे. फक्त कॅसल जंक्शनच्या आधीच टाकी भरून घ्या, आणि मधल्या बहुतेक पट्ट्यात मोबाइल लागत नाही हे मुलीला आधी सांगून ठेवा.


मडगावची लेक:

जॅस्परबद्दल मी लिहिते, कारण कुळागरवाले काका ते सोयीस्कर विसरले.

मी आई-बाबांना वणव्यानंतर घेऊन गेले. आईचा प्रश्न तुमचाच होता, कोणाच्या घराची राख बघायला जायचं का म्हणून. गावातली दुकानदारीण म्हणाली, आलात तर आमचं दुकान चालेल. आईला तेवढं पुरलं, आणि मग तिने तिथे गरजेपेक्षा जास्त खरेदी केली.

दिसतं कसं ते सांगते. गावाभोवतीच्या दरीत काळे खांब उभे आहेत. खाली गवत आणि जांभळट फायरवीड. झाडं गेल्यामुळे डोंगर पायथ्यापर्यंत उघडे दिसतात. बाबांना ते आवडलं, आईला नाही. मॅलीन लेक मात्र आगीपासून दूर राहिलं. वाटेतलं मेडिसिन लेक बघा: उन्हाळ्यात भरलेलं असतं आणि शरदात आटतं, कारण त्याचं पाणी तळातल्या चुनखडीतून खाली जातं आणि कित्येक किलोमीटर पुढे मॅलीन कॅन्यनमध्ये वर येतं. बाबा भूगोलाचे, त्यांना तिथून हलवता येईना.

आरव्हीसाठी जॅस्पर मला बॅन्फपेक्षा सोपं वाटलं. व्हिसलर्स कॅम्पग्राउंड ७८१ जागांचं, वणव्याच्या थोडंच आधी नव्याने बांधलेलं. पूर्वीची सावली आता मागू नका. एल्क, म्हणजे मोठी हरणं, तुमच्या दारात चरतात. तीस मीटर अंतर ठेवायचं, अस्वलापासून शंभर, आणि हे नातवाला आधीच पढवून ठेवा. शिवाय जॅस्पर २०११पासून डार्क स्काय प्रिझर्व्ह आहे, म्हणजे दिव्यांचा उजेड आवरून रात्रीचं आकाश काळोखं राखलेला भाग. पण जुलैत काळोख पडेपर्यंत नातू झोपलेला असतो. ऑगस्टअखेर गेलात तर आकाशगंगा जेवणानंतर लवकर दिसेल.

कुंड तिथेही आहे, मिएट. उगमाशी पाणी ५४ अंश, कॅनडाच्या रॉकीजमध्ये सगळ्यात गरम. थंड करून कुंडात सोडतात. पण ते गावापासून लांब आणि रस्ता अरुंद, वळणांचा. तिथेही कारच हवी.


केरीचा कुळागरवाला:

सोयीस्कर विसरलो नाही बाय, लिहून लिहून हात दुखले. जॅस्पर मलाही आवडतं. पण मास्तरांकडे एकच आठवडा असेल तर रेडियम आणि जॅस्पर दोन टोकांना आहेत. दोन्ही करायला गेलात की पुन्हा पाइप काढा, वायर गुंडाळा. आणि किलोमीटरचं मीटर पळतंय ते वेगळं.


सांगेकार:

वॉटर्टनवर कोणी बोललं नाही म्हणून. ५०५ चौरस किलोमीटरचं छोटं पार्क, डोंगर थेट गवताळ मैदानातून उठतात. गावातच कॅम्पग्राउंड, तिन्ही जोडण्या, सरोवर समोर. वारा भयंकर. आमच्या आरव्हीची बाहेर काढायची छत्री, ऑनिंग म्हणतात ती, उघडायची हिंमत झाली नाही. २०१७च्या केनो वणव्यात डोंगरउतार जळाले, ते अजून कळतं.

जावई ‘खाली अमेरिकेतलं ग्लेशियर पार्क पण करून येऊ’ म्हणेल. १९३२पासून दोन्ही मिळून शांतता उद्यान आहे, जोडीने बघण्यासारखंच. पण दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असला तरी अमेरिकेचा वेगळा लागतो. आणि ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत. तुमची पंचवीस. तिथे गेट हलवायला वशिला चालत नाही.


म्हापशेकर:

महत्त्वाचा मुद्दा राहिलाय. मासळीचं काय?


फोंडेकर मास्तर:

म्हापशेकर, तुमचा मुद्दा घरातही उपस्थित झाला. गेल्या खेपेस जावयाने कॅल्गरीत कुठूनतरी सुके बांगडे पैदा केले होते. बॅन्फला शेगडीवर भाजायला काढणार एवढ्यात शेजारच्या गाडीतली बाई धावत आली आणि ‘बेअर, बेअर’ म्हणून समजावू लागली. आम्ही आत जाऊन काचा लावून भाजले. आरव्ही परत देताना भाडेवाल्यांनी साफसफाईचे जास्तीचे पैसे लावले. मला ते मान्य नाही.


मडगावची लेक:

मास्तर, हसू आवरत नाही, पण बाईचं बरोबर होतं. टेबलावर काही सोडायचं नाही: कूलर, शेगडी, धुतलेली भांडी, कुत्र्याची वाटीसुद्धा. सगळं गाडीत बंद. पार्कचे लोक फेरी मारतात आणि बाहेर राहिलेलं उचलून नेतात, दंडही होतो. लेक लुईजला तर तंबूवाल्यांच्या भागाला विजेचं कुंपण आहे आणि आरव्हीवाल्यांचा भाग वेगळा. म्हापशेकर, बांगडे कॅल्गरीत जेवून घ्या आणि मग निघा.


डिचोलीकर:

एक विचारतो, थट्टा नाही. तिथे हायवेवर जनावरांसाठी पूल आहेत म्हणतात, खरं का?


केरीचा कुळागरवाला:

खरं. बॅन्फमध्ये ट्रान्स-कॅनडा हायवेला दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय आणि जनावरांसाठी वरून सहा पूल व खालून अडतीस वाटा. पुलांवर माती, गवत, झाडं. अस्वलं, लांडगे, एल्क जातात. तुम्ही खालून ताशी नव्वदने जाता आणि हिरवा पूल डोक्यावरून निघून जातो, कळतही नाही. मोलेतून हायवे रुंद करायची गोष्ट निघाली की मला हेच आठवतं. तिथेही रस्ता रुंद झालाच, पण मोजून-मापून आणि जनावराचा रस्ता आधी धरून. हा विषय इथे वाढवला तर मास्तरांचा प्रश्न बुडेल, वेगळा धागा काढा.

मास्तर, चवथीबद्दल बोलू नका म्हणालात, तरी एकच वाक्य. लार्चची झाडं सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनेरी होतात आणि ती गर्दी सोडली तर तो तिथला सगळ्यात सुरेख काळ. अनंत चतुर्दशीनंतर निघालात तर?


फोंडेकर मास्तर:

दीड दिवसाचा गणपती असला तरी चवथीनंतर लगेच विमानात बसायची कल्पना घरात मांडून बघितली. पुन्हा मांडणार नाही. शिवाय थंडी. आरव्हीतल्या पाण्याच्या नळ्या गोठतात म्हणे.


केरीचा कुळागरवाला:

गोठतात. सप्टेंबरअखेर लेक लुईजला रात्री शून्याखाली जातं, मग पाइप रात्री काढून ठेवावा लागतो. बरीच कॅम्पग्राउंडंही तोवर बंद व्हायला लागतात. ठीक आहे, चवथीच्या आतच जा. ऑगस्टचा शेवटचा आठवडा घ्या, शाळा उघडायच्या बेतात असतात. फक्त वणव्याचा धूर कधी कधी तेव्हा असतो. त्याला इलाज नाही.

बुकिंग पार्क्स कॅनडाच्या साइटवर, वर्षाच्या सुरुवातीलाच उघडतं. प्रत्येक पार्काचा दिवस वेगळा असतो, तारखा मुलीला बघायला सांगा. सकाळी ऑनलाइन रांग लागते. तिन्ही जोडण्यांच्या जागा आधी जातात. गाडीची लांबी खरी टाका, पंचवीसची बावीस करू नका, कारण जागा लांबीप्रमाणे देतात. दुसरी कार त्या जागेवर चालते का तेही तिथेच लिहिलेलं असतं.


फोंडेकर मास्तर:

घरात वाचून दाखवलं. निकाल असा: सगळा मुक्काम रेडस्ट्रीकला, मुलगी कार घेऊन मागून येणार, एक दिवस योहो. जॅस्पर पुढच्या खेपेला, फक्त तेवढंच. मुलगी थोडी नाराज आहे. सौ.ने कुंडासाठी पोहण्याचे कपडे घ्यायला आजच बाजार गाठला. तिचा शेवटचा प्रश्न: रेडियमला नारळ मिळेल का? रोजचं हुमण, म्हणजे मासळीची आमटी, नसलं तरी चालेल, पण सोलकढी हवी.


मडगावची लेक:

काकींना सांगा, रेडियममध्ये नारळाच्या भरवशावर राहू नका. कॅल्गरीच्या भारतीय दुकानांतून गोठवलेला खोवलेला नारळ घ्या, चांगला मिळतो. सोलं इथूनच न्या. आरव्हीचा फ्रीझर लहान असतो, पाकिटं सपाट करून ठेवा. आणि गाडी ताब्यात घेताना फ्रिज गॅसवर चालतो का, तो कसा बदलायचा, हे भाडेवाल्याकडून समोर करून दाखवून घ्या. वाटेत वीज नसते.